पूल नागपूरले गेला

नत्थू नागपूरच्या मेडिकल दवाखान्यातून घरी आला तेव्हा शिवारातलं धान कापणीला आलं होतं. रामटेकहून गावाकडे येणाऱ्या ऑटोत तो बायकोच्या, सिंधूच्या, खांद्याला टेकून बसला होता. आपली बांधी, धानाचं शेत, आली तशी त्यानं मान उचलली. लोंब्या दाण्यानं वाकून गेल्या होत्या.

"झालं वं कापाले," तो म्हणाला.

"तुमी पहिले घरी चला," सिंधू म्हणाली.

गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप होता. ताप उतरला, पण जाता जाता अंगातली सगळी ताकद घेऊन गेला. ओझं उचलायचं नाही, उन्हात राबायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. धानाचा भारा डोक्यावर घेऊन शेताच्या अरुंद धुऱ्यावरून चालत येणारा हा माणूस. आता अंगणातून न्हाणीपर्यंत जाताना मधे भिंतीला हात लावून थांबायचा. त्याचे हात थरथरत. चहा बशीत सांडायचा, म्हणून सिंधू त्याला अर्धाच कप भरून देऊ लागली. त्याच्या ते लक्षात आलं.

गावात कापणी बदलीवर चालायची. आज सगळ्या बायका एकीच्या बांधीत, उद्या दुसरीच्या. जिनं कामाचे जेवढे रोज दुसऱ्यांकडे भरले, तेवढे तिच्याकडे परत यायचे. हा मेळ रुखमाबाई बसवायची. साठीची, काटक बाई. तिचा शब्द बायका मोडत नसत. पण कापणी सुरू झाली तेव्हा सिंधू दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी होती. तिचा एकही रोज कुठं भरला गेला नव्हता.

ती रुखमाबाईकडे गेली तेव्हा हापशीवर बायकांची गर्दी होती. सगळ्यांसमोरच बोलावं लागलं.

"मी येईन ना उद्यापासून," सिंधू म्हणाली. "पोरगीबी येईन."

"पोरीचा अर्धा रोज धरीन मी," रुखमाबाई म्हणाली. "मागून कटकट नको."

कोणीतरी हसलं. सिंधूनं भरलेली बादली उचलली आणि घरी आली.

पोरगी म्हणजे वैभवी, नववीतली. सकाळी शाळेआधी आणि सुट्टीच्या दिवशी ती विळा घेऊन आईबरोबर दुसऱ्यांच्या बांधीत वाकू लागली. बायकांच्या ओळीत ती मागं पडायची. मग पुढच्या बाईनं तिच्या वाट्याची मूठ-मूठ धानाची दोन-चार चुडं कापून दिली तरी तिला लाज वाटायची. मानेला, कोपरांना धानाची काटेरी कूस लागून खाज सुटायची. एकदा विळा करंगळीला लागला. तिनं ओढणीची चिंधी बांधली आणि पुन्हा वाकली.

तिकडे शाळेत वेगळंच काम अंगावर येऊन पडलं होतं. नागपूरला विज्ञानाची मोठी स्पर्धा होती. आइस्क्रीमच्या काड्या आणि पांढरा डिंक, बाकी काही वापरायचं नाही. त्यातून पूल बांधायचा. पूल दोन टेबलांच्या मधे ठेवतात, मधोमध बादली टांगतात आणि तिच्यात रेती ओततात. पूल मोडेपर्यंत ओततात. ज्याचा पूल स्वतः हलका राहून जास्त भार झेलेल, तो जिंकला. सुमंत सरांनी शाळेत आधी तशीच चाचणी घेतली. वैभवी आणि तिची मैत्रीण सोनिका यांचा पूल सगळ्यांत उशिरा मोडला, म्हणून त्यांची निवड झाली. पण मोडला तो मोडलाच. नागपूरसाठी नवीन बांधायला हवा होता.

"जोडी पायजे बरं का," सरांनी सांगितलं. "एकटीले घेत नाहीत. दोघींनीही यायचं."

शाळा सुटली की सोनिका वैभवीच्याच घरी येई. अंगणात नत्थूच्या खाटेशेजारी पोतं अंथरून दोघी बसत. काड्यांचे त्रिकोण जुळवायचे, टोकांना डिंक लावायचा आणि वाळेपर्यंत बोटांनी दाबून धरायचं. चिमटे होते ते थोडे, आणि जोड पुष्कळ. लवकर सोडलं की काडी घसरायची. वैभवीच्या करंगळीच्या जखमेत डिंक जाऊन चुरचुरायचं. एका संध्याकाळी जोड धरल्या-धरल्याच तिची मान खाली पडली. झोप लागली होती.

"दे इकडं," नत्थू खाटेवरून म्हणाला.

वैभवी दचकून जागी झाली. "बाबा, तुमचा हात..."

"हालते हात. माईत आहे मले," तो म्हणाला. "पण बोटं तं दाबते ना? दिवसभर काय करून राहिलो मी? पडूनच तं राहिलो."

त्यानं मनगट खाटेच्या लाकडी गातावर टेकवलं, दुसऱ्या हातानं ते दाबून धरलं आणि दोन बोटांत जोड घेतला. थरथर कमी झाली, थांबली नाही. तो श्वास रोखून बसून राहिला. कपाळावर घाम आला तरी त्यानं पुसला नाही. पुसायला हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघींनी ते जोड पाहिले. सोनिका वैभवीला घरामागं घेऊन गेली.

"वाकडे झाले वं. भार आला की तिथूनच जाईन."

"मी कशी सांगू त्याहिले?"

"तं मग नागपूरले सांगजो," सोनिका म्हणाली. ती फटकळ होती, पण खोटं बोलत नव्हती.

वैभवी खाटेपाशी येऊन उभी राहिली. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, "बाबा, हे वाकडे झाले. परत करा लागन."

नत्थूनं पूल डोळ्यांजवळ नेला. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग तो हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा घरात कोणी त्याच्याशी सरळ बोललं होतं.

"वाकडेच आहे," तो म्हणाला. "जरासं कोमट पानी आण. मीच सोडवतो."

त्यानं जोड भिजवून सोडवले आणि पुन्हा धरले. त्या दिवसापासून पोरी शाळेत जाण्याआधी काड्या जुळवून ठेवत आणि नत्थू एकेका जोडाला डिंक लावून तो धरून बसे. बांधीतून दुपारी पाणी प्यायला आलेली सिंधू दारातच थांबायची. नवरा आणि काड्या, दोघंही हालत नसत. ती आवाज न करता माठाकडे जायची.

बदलीचे रोज फिटत आले तशी सिंधूच्या बांधीचीही पाळी आली. रुखमाबाईच्या मेळातल्या बायकांनी एका दिवसात धान कापून टाकलं आणि कापलेल्या धानाचा कडपा वाळायला पसरून ठेवला. दोन-तीन दिवस ऊन मिळालं की भारे बांधून खळ्यात त्यांची उंच रास, पुंजणं, लावायचं, एवढंच राहिलं होतं.

आणि आभाळ आलं.

आधी पातळ, मग काळं. मोबाइलवर पाऊस सांगत होते. पावसाचा अंदाज आणि नागपूरची स्पर्धा एकाच दिवशी होती. रुखमाबाईचा मेळ त्या दिवशी गावातल्या वामनरावच्या बांधीत जाणार, हे आधीच ठरलेलं.

"मी नाई जात नागपूरले," वैभवीनं आदल्या दिवशी सांगून टाकलं. पूल खोक्यात भरायला आलेली सोनिका तिच्याकडे पाहतच राहिली. सोनिका एकटी जाऊ शकत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती भांडली नाही. धान तिच्या घरीही होतं.

"आई एकटी काय काय उचलन?" वैभवी म्हणाली. "भिजलं तं कोंब येतीन."

नत्थू उठला. कोणी काही म्हणायच्या आत दुपट्टा खांद्यावर टाकून बांधीकडे निघाला. वैभवी मागं धावली. धुऱ्यावर पोचेपर्यंत त्याला धाप लागली. तरी बांधीत उतरून त्यानं कडप्यातलं धान कवेत घेतलं, दोन पावलं चालला आणि तिथंच गुडघ्यावर बसला. धान हातातून सुटलं. तो बसूनच राहिला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. वैभवीनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. त्यांना पाहून शेजारच्या बांधीतल्या एका माणसानं नजर दुसरीकडे वळवली. ते नत्थूला जास्त लागलं.

घरी परत जायच्या वळणावर तो थांबला.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "मी येतो."

रुखमाबाईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. नत्थू कधी कोणाच्या दारी मागायला गेला नव्हता. लोकच त्याला बोलवायला येत, भारे न्यायला, गाडी भरायला. आता तो दर दोन घरांनी ओट्यावर टेकत गेला. रुखमाबाई गोठ्यात म्हशीला तणीस टाकत होती.

"काहून आला गा असा पडत-झडत?" ती ओरडलीच. "बस पहिले!"

तो बसला. दम खाऊन म्हणाला, "उद्या पोरीले नागपूरले जाचं आहे, बाई. धान पडलं आहे बांधीत."

"माईत आहे."

"मले उचलनं होत नाई." हे वाक्य त्याच्या तोंडून फार जड निघालं. "पाहून आलो मी. होत नाई. पोरगी घरी राहीन म्हणते. मले ते नको आहे. तुमी एक-दोघी जरी आल्या तं... मी उभा झालो की फेडीन रोज. एकेकीचा फेडीन."

रुखमाबाईनं हातातलं तणीस टाकलं, पदराला हात पुसले. तिनं आभाळाकडे पाहिलं.

"वामनरावचं धान उभं आहे," ती म्हणाली. "उभ्या धानाले दोन दिवस सोसते. पडलेल्याले नाई सोसत. बोलून पाहीन मी. पण बायकांच्या मनाचं आहे गा, मी काही वचन देत नाई."

"तुमी बोलान, तेवढंच पुष्कळ आहे."

तो उठला तशी तीही चपला घालू लागली. "मलेबी तिकडंच जाचं आहे," ती म्हणाली. तिला तिकडं काहीच काम नव्हतं. त्याच्या चालीनं, तो थांबेल तिथं थांबत ती त्याच्याबरोबर आली. वाटेत ती म्हशीच्या दुधाविषयी बोलत राहिली. अंगणात पोचल्यावर तिनं वैभवीला जवळ बोलावलं.

"तू जाय वं पोरी. तुह्या जागी मी उभी आहे."

सकाळी सोनिकाचा बाप, नागसेन, मोटरसायकल घेऊन आला. मधे सोनिका, मागं वैभवी, आणि दोघींच्या मधे खोकं. रस्त्यावरून वैभवीनं आपल्या बांधीकडे पाहिलं. ढगांखाली बांधीत दोनच बायका वाकलेल्या होत्या, आई आणि रुखमाबाई. दुसरं कोणी नव्हतं. मोटरसायकल पुढं गेली. तिनं मान वळवून वळवून पाहिलं, शेवटी झाडं मधे आली.

रामटेकला सुमंत सर थांबले होते. बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. सोनिकानं खोकं छातीशी धरलं होतं. कामठीच्या पुढं ब्रेक लागला आणि मागचा लोट तिच्यावर येऊन आदळला. एका म्हाताऱ्या बाईनं पाहिलं आणि स्वतः उठून उभी राहिली. "ठेव बाई तुह्यं सामान इथं," ती म्हणाली. तिचं नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं.

नागपुरात नंदनवन भागातल्या एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये स्पर्धा होती. खोकं उघडलं आणि सोनिकाच्या तोंडून "अगं माय!" निघालं. बाजूचा एक जोड उखडला होता. नोंदणी सुरू झाली होती.

"डिंक आहे ना?" सर म्हणाले. "लावा. शेवटचा नंबर मागून घेतो मी."

वैभवीनं डिंक लावला आणि हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून बसली. मनगट गुडघ्यावर ठेवलं, दुसऱ्या हातानं ते दाबलं आणि जोड बोटांत धरला. आजूबाजूला पोरं धावत होती, माइकवर नावं पुकारत होते. ती हलली नाही. प्रताप नगरच्या शाळेतली श्वेता नावाची एक मुलगी तिचं बसणं लांबून पाहत होती. जवळ येऊन तिनं आपल्या डब्यातले दोन चिमटे काढून दिले.

"आमचं काम झालंय," ती म्हणाली. "तुम्हांला लागतील."

"तुमी तं आमच्या विरोधात आहे," सोनिका म्हणाली.

श्वेता हसली. "मोडणार तर सगळ्यांचेच आहेत."

पुलांमागून पूल मोडत गेले. काहींचे पहिल्याच भाराला, काहींचे बादली अर्धी झाल्यावर. श्वेताचा पूल खूप वेळ टिकला आणि एकदम मधोमध दुमडला. टाळ्या झाल्या. तेवढ्यात हॉलच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. माइकवरचं बोलणं ऐकू येईना इतका. वैभवी सरांकडे धावली.

"सर, आईले फोन लावा ना."

सरांनी लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

त्यांचा नंबर आला तेव्हा ती टेबलाजवळ उभी होती, पण डोळ्यांसमोर बांधी होती. परीक्षक मॅडमनी बादली टांगली. रेतीचा पहिला मग पडला. दुसरा. पूल गप्प होता. बादली अर्धी झाली, मग काठोकाठ भरली. मॅडमनी बादलीवर लोखंडी वजनं ठेवायला सुरुवात केली. पूल जरासा वाकला, कुठंतरी बारीक करकरला. सोनिकानं वैभवीचा दुखरा हात गच्च दाबला. आणखी एक वजन ठेवलं. कट्, आणि बादली खाली गादीवर आदळली.

मॅडमनी मोडलेला पूल हातात घेऊन उलटापालटा केला. मग दोघींना जवळ बोलावलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "काडी मधूनच तुटली आहे. जोड एकही सुटला नाही. इथं सकाळपासून सगळ्यांचे जोडच सुटतायत. वाळेपर्यंत कोणी धरले हे?"

"माह्या बाबांनी," वैभवी म्हणाली. पुढचं सोनिकानंच सांगितलं, "ते बिमार आहेत. दिवसभर धरून बसत होते."

मॅडमनी पूल हळूच, तो अजून मोडायचा बाकी असल्यासारखा, खोक्यात ठेवून दिला.

वैभवी आणि सोनिकाचा दुसरा नंबर आला. श्वेताचा तिसरा. चिमटे परत करताना वैभवी म्हणाली, "तुमचे चिमटे नसते तं आमचा नंबर नसता." श्वेतानं चिमटे घेतले नाहीत. "राहू द्या," म्हणाली. "पुढच्या वर्षी लागतील."

बस रामटेकला पोचली तेव्हा पाऊस थांबला होता. गावाच्या फाट्यापर्यंत ऑटोनं येऊन दोघी तिथून चालत निघाल्या. रस्ता चिखलानं भरला होता. सोनिका बक्षिसाबद्दल बोलत होती, पण वैभवीचं लक्ष पुढं लागलं होतं. बांधी दिसताच ती पळायला लागली. धुऱ्यावर येऊन थांबली.

बांधीत पाणी साचलं होतं आणि पाण्यात फक्त धसकटं उभी होती. कडप्याची एक काडीही मागं नव्हती. पलीकडे खळ्यात पुंजणं लागलं होतं, उंच, नीट उतरत्या काठांचं. त्यावर दोन ताडपत्र्या होत्या. एक त्यांची, जुनी. दुसरी निळी, कोरी, वामनरावच्या घरची. कडांवर विटा ठेवल्या होत्या. वैभवीनं पुंजण्याजवळ जाऊन ताडपत्रीखाली हात घातला. आतलं धान कोरडं होतं, अजून थोडं ऊबदारही.

"सगळ्याच आल्या वाटते," सोनिका मागून म्हणाली.

सगळ्याच आल्या होत्या. घरी अंगणात बायकांची पंगत बसली होती. भात आणि तुरीचं वरण. ताटं पुरली नव्हती, म्हणून काहीजणी पळसाच्या पानावर जेवत होत्या. लुगडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, केसांत तणसाचे तुकडे. नत्थू खाटेवर नव्हता. एका हातानं खांबाला धरून, दुसऱ्या हातात पळी घेऊन तो वरण वाढत होता. पळी हालायची, वरण पानाच्या बाहेर सांडायचं.

"सांडू दे गा," एक बाई म्हणाली. "वाढून तं राहिला ना?"

पूल खोक्यातून निघून हातोहात फिरला. बायकांनी खरकटा हात लांब धरून डाव्या हातानं तो पाहिला. एवढ्याशा काड्यांनी बादलीभर रेती उचलली, हे एकीला पटेना. सोनिकानं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. वामनरावची सून म्हणाली, "पोरी नागपूरले गेल्यावर रुखमाबाई बांधीतून आमच्या घरी येऊन सासऱ्यासंग भांडलीच. मंग सासराच म्हणाला, जा वं सगळ्या, अन् ताडपत्री घेऊन जा."

रुखमाबाई खाली मान घालून जेवत होती. "भात वाढ वं सिंधू," एवढंच म्हणाली.

सिंधूनं भात वाढला. वाढताना तिनं रुखमाबाईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला.

वैभवीला काहीतरी बोलायचं होतं. बसमध्ये तिनं मनात जुळवलंही होतं. पण इतक्या जणींसमोर कसं बोलतात ते तिला येत नव्हतं. जेवणं उरकून बायका एकेक करून हात धुवायला न्हाणीच्या दगडाकडे जाऊ लागल्या, तशी ती उठली. तिनं हंड्यातून तांब्या भरून घेतला आणि दगडापाशी उभी राहिली.

पहिली बाई वाकली. वैभवीनं तिच्या हातांवर पाणी ओतलं, हळू, धार न तोडता. मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. चिरलेली बोटं, भाऱ्यांचे बंध ओढून सोललेले तळवे. खरकटं निघेपर्यंत ती ओतत राहिली. तांब्या संपला की भरून आणायची. शेवटी रुखमाबाई आली. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि धुऊन झाल्यावरही मागं घेतले नाहीत.

"ओत वं आणखी," ती म्हणाली. "बरं वाटून राहिलं."

वैभवी ओतत राहिली.